चौदावा भाग

तीन आठवडे झाले, चालू गोष्टीचा चौदावा भाग अडकून पडलाय माझा. दुकानात गिऱ्हाईक नसलं की बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या बाजूला चार ओळी लिहिते, खोडते, परत लिहिते, तेवढ्यात कुणीतरी येतं, वहिनी जॅकी हरभऱ्याचं बियाणं आलं का, बॅग केवढ्याला पडंल, आणि मग माझे नायक-नायिका दोघंही तिथंच पाण्याच्या टँकरपाशी उभे राहतात आणि मी बॅगा काढायला आत जाते. परत येऊन बघते तर ते तिथंच. एक पाऊल पुढं नाही.

आमचं लातूरला कृषी सेवा केंद्र आहे, खत, बियाणं, औषधं. सकाळी हे बसतात, दुपारी बारा ते पाच मी. गेली नऊ वर्षं मी प्रेमकथा लिहिते, मोबाईलवर, भाग पाडून, एक भाग हजार-बाराशे शब्दांचा. माझ्या वाचकांचं आणि आमच्या दुकानाचं कॅलेंडर एकच आहे हे मला उशिरा कळलं. जूनमध्ये पाऊस झाला की दुकानात पाय ठेवायला जागा नसते आणि नेमकं तेव्हाच वाचणारेही कमी होतात, कारण वाचणाऱ्या बायका पेरणीत असतात. परत ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी आणि रास, तेव्हा तर मी भाग टाकतच नाही, सगळ्यांच्या अंगाला धूळ आणि खाज, कोण बघणार मोबाईल. हरभरा पेरून झाला, थंडी पडली, की मग रात्री साडेनऊनंतर वाचन चालू होतं. घरचे झोपले की. मला मेसेज येतात त्याची वेळ बघितली तर दहा वाजून वीस मिनिटं, अकरा वाजून पाच मिनिटं अशी असते, आणि त्या वेळेला हातातलं सगळं काम संपवून, उद्याची भाजी निवडून, अंधारात पांघरुणात स्क्रीनचा उजेड कमी करून कुणीतरी आपलं लिहिलेलं वाचतंय हे डोळ्यासमोर आलं की मला त्या बाईबद्दल फार माया वाटते. तिच्या दिवसातली ती वीस मिनिटं तेवढी तिची. ती मी फुकट घालवायची नाही, एवढं एक मी ठरवून ठेवलंय.

लोक विचारतात प्रेमकथाच का, काहीतरी सामाजिक लिही की. आमच्याकडं दुष्काळ आहे, शेतकऱ्यांचे प्रश्न आहेत, तू तर रोज दुकानात बघतेस. बघते ना. म्हणूनच लिहिते. उधारीच्या वहीत ज्याचं नाव तीन वर्षांपासून आहे त्या माणसाचं पण कुणावर तरी प्रेम असतं, आणि ते त्याच्या उधारीसकट असतं, ते कुणी लिहायचं?

माझं वाचन सगळं आत्यामुळं. औसा तालुक्यात आमचं गाव, आत्या वडिलांपेक्षा मोठी, लग्नानंतर चार वर्षांत माहेरी आली ती कायमचीच. सातवी शिकलेली. गावात ग्रामपंचायतीच्या एका खोलीत वाचनालय होतं, लोखंडी कपाट एक, त्यातल्या कादंबऱ्या आत्यानं क्रमानं वाचून काढलेल्या. उन्हाळ्यात तूर भरडून झाली की आमच्या ओसरीवर गल्लीतल्या पाच-सहा बायका डाळ पाखडायला नि निवडायला बसायच्या आणि आत्या खांबाला टेकून त्यांना कादंबरी वाचून दाखवायची. त्यातल्या दोघींनाच अक्षर ओळखायचं. मी असेन आठ-नऊ वर्षांची, मला त्यातलं सगळं कळायचं नाही पण मला एक गोष्ट अजून आठवते, सुपांचा आवाज. वाचन चालू असताना सुपं एका लयीत चालायची, फटक फटक, आणि गोष्टीत काहीतरी घडायला आलं की एक एक सूप बंद पडायचं. आधी एकीचं, मग दुसरीचं. सगळी सुपं थांबली की आत्या अजून अर्धं पान वाचायची आणि पुस्तक मिटून टाकायची. आता ऱ्हायलेलं उद्या. बायका चिडायच्या, आगं माय एवढं तरी सांग त्यो चिठ्ठी वाचतो का न्हाई, पण आत्या एस.टी.चं जुनं तिकीट पानात घालून उठायची नि चहा टाकायची.

मी आता हेच करते. भाग कुठं तोडायचा हे मला कुणी शिकवलं असेल तर त्या सुपांनी.

पण आत्याचं खरं काम मला पुढं दहा वर्षांनी कळलं. लातूरला कॉलेजला असताना तिथल्या वाचनालयात मला ती एक कादंबरी मिळाली, आत्यानं वाचून दाखवलेली, मला तिचा शेवट पाठ होता. तिन्हीसांजेच्या गाडीनं तो परत येतो, ती तुळशीपाशी दिवा लावत असते, तो दारात उभा राहून विचारतो पाणी देतेस का. बायका त्या दिवशी रडल्या होत्या आणि एकमेकींकडं बघून हसल्याही होत्या. मी पुस्तक मोठ्या आनंदानं घेतलं आणि रात्री होस्टेलवर शेवटी आले तर त्यात ती मरते. तो येतच नाही. शेवटची दहा पानं तिच्या आजारपणाची. मी दोनदा बघितलं, दुसरंच पुस्तक आहे की काय म्हणून. गावाकडं गेल्यावर आत्याला विचारलं, तर ती भाकरी थापत होती, हात न थांबवता म्हणाली, "ती समोर बसायची न्हवं का. तिचा मालक मुंबईला गेलेला सात वर्सं झालेली. तिला काय वाचून दाखवू, मेली म्हणून?"

म्हणजे आत्यानं बसल्या जागी, पुस्तकातल्या ओळींवर बोट फिरवत, दहा पानं मनानं रचली होती आणि कुणाला कळलंही नव्हतं.

माझ्या गोष्टींचा शेवट गोड असतो यावरून मला बरंच ऐकून घ्यावं लागतं. खऱ्या आयुष्यात असं होतं का. नाही होत, ते मला माहितीये, ओसरीवर बसलेल्या त्या बाईचा नवरा काही आला नाही. पण दुःखाचा शेवट लिहिणं म्हणजे जास्त खरं लिहिणं हे मला पटत नाही, मी दोन्ही लिहून बघितलंय आणि गोड शेवट जास्त अवघड आहे. माणूस मारायला एक ओळ पुरते. दोघांना एका घरात आणून बसवायचं म्हणलं की तिचा बाप, त्याची आई, जमीन किती, हुंडा किती मागितला, तिची नोकरी, त्याचं कर्ज, सगळ्यांना उत्तर द्यावं लागतं आणि ते उत्तर दहा वाजून वीस मिनिटांनी वाचणाऱ्या बाईला पटलं पाहिजे. तिनं हे सगळं भोगलेलं असतं. तिला फसवता येत नाही.

सुरुवातीला मी फसवत होते खरं तर. माझ्या पहिल्या सहा गोष्टींमध्ये समुद्र आहे, आणि मी समुद्र पहिल्यांदा बघितला सत्ताविसाव्या वर्षी, गणपतीपुळ्याला. वाचलेल्या पुस्तकांमध्ये प्रेम समुद्रकाठी नाहीतर थंड हवेच्या ठिकाणी व्हायचं, नायक गाडीतून यायचा, नायिका पियानो नाहीतर सतार वाजवायची, मग मीही तसंच लिहिलं. सगळे एकमेकांशी पुस्तकातल्यासारखं बोलायचे. नंतर एकदा लिहिता लिहिता एका मुलीच्या तोंडी आपोआप आलं, "काय करायलास?" आणि माझाच हात थांबला. काय करतोस आणि काय करायलास यात फरक आहे. करतोस म्हणजे नोकरी विचारल्यासारखं पण होतं. करायलास म्हणजे आत्ता, ह्या घडीला, तुझे हात कशात आहेत ते सांग. आमच्याकडं प्रेमात पडलेली माणसं फोनवर एवढंच विचारतात. काय करायलीस. काही नाही, भाकऱ्या करायले. तू? मोटार चालू करायला आलोय रानात. लाईट नाही अजून. झालं. एवढं बोलून पंधरा मिनिटं जातात आणि त्यात सगळं असतं.

तेव्हापासून मी आपल्याच बोलीत लिहायला लागले. एका प्रकाशकानं गोष्टी आवडल्या म्हणून पुस्तक करायचं ठरवलं होतं, मग म्हणाले संवाद तेवढे प्रमाण करा आणि गाव लातूरऐवजी लोणावळ्याकडचं घ्या, वाचकाला जवळचं वाटेल. कोणत्या वाचकाला? मी वही परत घेऊन आले. त्या रात्री मला खूप वाईट वाटलं होतं, दोन वर्षांची मेहनत होती, पण मला आजोबांचा वली आठवला. आजोबांची शाळा निजामाच्या काळातली, म्हणजे १९४८ च्या आधीची, उर्दूतून झालेली, ते झोपाळ्यावर बसून वली औरंगाबादीचे शेर म्हणायचे. त्यांनी सांगितलेलं की हा आपल्या मराठवाड्याचा माणूस १७०० च्या सुमाराला दिल्लीला गेला तेव्हा तिथले मोठमोठे शायर गझल फारसीत लिहायचे, बोलायचे एका भाषेत आणि प्रेम करायचे दुसऱ्या भाषेत, आणि वलीनं इकडची दख्खनी बोली घेऊन गझल म्हणली आणि दिल्लीवाल्यांना कळलं की अरे असं पण होतं. आजोबा हे सांगताना मांडीवर थाप मारायचे. तीनशे वर्षांपूर्वी औरंगाबादच्या माणसाला जमलं तर मला का जमू नये, असं वाटलं आणि झोप लागली.

आता त्या पाण्याच्या गोष्टीकडं येते, कारण अडकलेय मी तिथं.

चार वर्षांपूर्वी मी वाचनालयातून गाथासप्तशती आणली, स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली केलेली, हे जाड पुस्तक, घरी आणल्यावर सासूबाईंना वाटलं पोथी आहे, त्यांनी देवापुढं ठेवली. पैठणच्या सातवाहनांचा राजा हाल, त्यानं सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी जमा केलेल्या सातशेच्या आसपास गाथा, महाराष्ट्री प्राकृतातल्या, म्हणजे मराठीच्या पणजीच्या भाषेतल्या. मी घेतलं ते अभ्यास म्हणून, भीतभीत. आणि आत काय तर सगळं आमचं दुकान. ताग, कापूस, साळ, तीळ, नांगर, गोदावरीचा काठ, प्रवासाला गेलेला नवरा, गावच्या पाटलाची पोरगी, खोचक बोलणाऱ्या आत्याबाई. एका गाथेत एक बाई मान खाली घालून रडतीये, कारण साळीचं रान पिकून पांढरं पडायला लागलंय, आता कापणी होणार आणि दोघांची भेटायची जागा जाणार. तर तिची मैत्रीण तिला म्हणते, रडतेस कशाला, तो बघ तागाचा मळा पिवळ्या फुलांनी भरलाय, तोंडाला हरताळ, म्हणजे पिवळा रंग, फासलेल्या नटीसारखा. मी ते दुकानात वाचलं आणि बाहेर बघत बसले. आमच्याकडं सोयाबीन गुडघ्याएवढं, त्यात काही लपत नाही. पण सोयाबीन निघतं आणि तूर उभी राहते, डोक्याच्या वर, पिवळी फुलं, जानेवारीपर्यंत. दोन हजार वर्षांत पीक बदललं, हिशेब तोच आहे. आपल्या बोलीतली माझी तिसरी गोष्ट त्यातून झाली, तूर काढायच्या आत दोघांचं काहीतरी ठरलं पाहिजे अशी.

आणि एक गाथा पाणपोईची. वाटसरू ओंजळीनं पाणी पितोय आणि डोळे वर करून पाणी घालणारीकडं बघतोय. त्यानं बोटं थोडी विरळ केलीत, म्हणजे पाणी गळून जाईल आणि पिणं लांबेल. तर ती काय करते, आधीच बारीक असलेली धार अजून बारीक करते. संपलं. दोघं एक शब्द बोलत नाहीत, नावं नाहीत, पुढं काय झालं ते नाही. मी ती गाथा वाचून पुस्तक मिटलं आणि मला वाटलं मी आजवर जे लिहायला धडपडतेय ते हे आहे. प्रेमकथेत दुसरं करायचं तरी काय असतं, त्यानं बोटं विरळ करायची आणि आपण धार बारीक करायची. घाई केली की ओंजळ भरते आणि वाटसरू निघून जातो.

तेव्हापासून माझ्या मनात होतं की आपल्या लातूरची पाण्याची गोष्ट लिहायची, २०१६ ची. ज्यांनी तो उन्हाळा काढला त्यांना सांगायला नको. धनेगावचं मांजरा धरण कोरडं, नळ बंद, दुकानात दिवसाला एक गिऱ्हाईक. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं नको म्हणून जमावबंदी लागली, पाचपेक्षा जास्त माणसांनी जमायचं नाही. मग १२ एप्रिलला मिरजेहून पहिली रेल्वे आली पाण्याची, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. जलदूत नाव दिलेलं. पोरगी चार वर्षांची होती माझी, तिला खांद्यावर घेऊन आम्ही रेल्वे बघायला गेलो होतो, लोक हार घेऊन आले होते. पाण्याला हार घालणारी माणसं मी तेव्हा बघितली.

आमच्या गल्लीत टँकर रात्री यायचा, कधी अकराला, कधी दोनला, आणि लोक दुपारपासून भांडी रांगेत लावून ठेवायचे, माणसाच्या जागी भांडं. त्या रांगेत मी एक मुलगा आणि एक मुलगी बघितली. अठरा-वीसची असतील, ट्यूशनला वगैरे जाणारी नाही, दोघंही कामाला जाणारी. रांग पुढं सरकली की तो मुलगा भांडी सरकवायचा, स्वतःच्या घरची आणि तिच्या घरची. स्वतःचं भांडं तो पायानं ढकलायचा. तिचं भांडं वाकून, हातानं उचलून पुढं ठेवायचा. प्रत्येक वेळी. मी पाच-सहा रात्री बघितलं, एकदाही चुकला नाही. मुलगी भिंतीला टेकून मोबाईल बघत उभी असायची आणि मला कळायचं की ती मोबाईल बघत नाहीये.

त्यांचं पुढं काय झालं मला माहीत नाही. माझ्या गोष्टीत मी त्या मुलाला टँकरवर कामाला ठेवलं, पाईप धरणारा. आणि ठरवलं की चौदाव्या भागात तो तिची घागर भरताना धार बारीक करेल, त्या गाथेसारखी. वही उघडली तेव्हा वाटलं एका दुपारी लिहून होईल. आणि लिहायला गेले तर लिहवेना, कारण मागं साठ माणसं उभी आहेत. रात्रीचे दोन वाजलेत. कुणाचं लेकरू आजारी आहे, कुणाला पहाटे मार्केट यार्डात हमालीला जायचंय, आणि हा गडी आपल्या प्रेमापायी पाणी हळू सोडतोय? रांगेतल्या बायका त्याला सोडतील का? आणि सोडलं तरी वाचणारी सोडणार नाही, ती त्या रांगेत उभी राहिलेली आहे. मीच उभी राहिलेय. दुष्काळात धार बारीक करणारा माणूस मला नायक म्हणून चालत नाही. मग टँकरचा व्हॉल्व्ह बिघडवून बघितला, खोटं वाटलं. सगळे गेल्यावर ती शेवटची उरते असं केलं, तर मग शेवटच्या माणसाला पाणी उरतं का टँकरमध्ये, नाही उरत. तीन आठवडे हेच चालू आहे.

असं अडकलं की मी दुसरं काहीतरी करते. माझ्याकडं उखाण्यांच्या तीन वह्या आहेत, गावोगावच्या लग्नांतून, दुकानात येणाऱ्या बायकांकडून लिहून घेतलेल्या. जुन्या बायकांना वर्षभरात नवऱ्याचं नाव तोंडातून काढायची परवानगी तेवढीच, आणि त्या एका ओळीत त्यांनी काय काय बसवलंय बघा. औराद शहाजानीकडच्या एका आजींनी दिलेला, "येळवशीच्या आंबिलीला जोंधळ्याचं पीठ, अमुकरावांचं नाव घेते, ऐका नीट." ऐका नीट म्हणताना त्या आजींचा आवाज वर चढला होता, सत्तरी ओलांडलेली बाई, मालक जाऊन वीस वर्षं झालेली. मी वहीत उखाण्यापुढं आवाज चढला असंही लिहून ठेवलं.

येळवस आता जवळ आलीच. मार्गशीर्षातली अमावस्या, बाकी महाराष्ट्राला कदाचित माहीत नसेल पण लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी शहर ओस पडतं, सगळे रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करायची, आत पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव मांडायचे, माठात आंबील, बेसन लावलेली भज्जी, बाजरीचे उंडे, आणि ओलगे ओलगे सालम पोलगे म्हणत रानाला फेरी मारायची. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवतात. मी माझ्या कमीत कमी चार जोड्या येळवशीला भेटवल्यात आणि अजून मन भरलेलं नाही, कारण वर्षातला तोच एक दिवस की जेव्हा पोरगी कुणाच्याही रानात, कुणाच्याही कोपीत बसून जेवली तरी कुणी विचारत नाही तू इथं काय करायलीस.

अंबाजोगाईला पण जाऊन आले मधे. योगेश्वरीची गोष्ट ऐकून ऐकून मोठी झालेय, परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरलेलं, वऱ्हाड निघालं आणि मुहूर्त टळला, वऱ्हाडाचे दगड झाले आणि देवी तिथंच राहिली, कुमारिका. परळी तिथून फार तर पंचवीस किलोमीटर. दर वेळी देवळातून बाहेर येताना माझं मन त्या पंचवीस किलोमीटरवर अडतं. आत्या म्हणायची, देवाला पण गाडी चुकली की चुकली.

एक गोष्ट मात्र मला लिहिता आली नाही आणि ती मी सोडूनही दिलेली नाही. बीडकडचे ऊसतोड कामगार दसरा-दिवाळी झाली की कारखान्यांना जातात, आमच्या रस्त्यानं त्यांचे ट्रॅक्टर जातात, वर संसार बांधलेला. त्यांच्यात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्यावर. एकट्याचा अर्धा कोयता. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला तो शब्द फार सुंदर वाटला होता, दोन माणसं मिळून एक कोयता, आणि मी लगेच गोष्ट सुरू केली. पण जसजशी बायकांशी बोलले तसं कळलं की पूर्ण कोयता व्हावा म्हणून पोरींची लग्नं किती लवकर लावतात. पंधराव्या वर्षी, सोळाव्या वर्षी. ती प्रेमकथा नाही, आणि मी तिला प्रेमकथेचा रंग देणार नाही. चार भाग लिहिलेले मी काढून टाकले. लिहीन, पण ज्या दिवशी माझी नायिका स्वतःच्या पायावर उभी असलेली, पंचवीस वर्षांची, कोयता नको म्हणू शकणारी असेल तेव्हा.

परवा रविवारी गावाकडं गेले. आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, वाचायला महिनाभर बंदी आहे, म्हणून मीच तिला माझी चालू गोष्ट मोबाईलवरून वाचून दाखवते. सूप नाहीये आता, डाळ मिलमधून येते, पण आत्याच्या हाताला काहीतरी लागतं म्हणून ती शेंगा फोडत बसते. तेरा भाग ऐकले. रांगेत तो तिचं भांडं हातानं उचलतो ते ऐकून तिचा हात थांबला, तेव्हा मला बरं वाटलं. मग मी अडकलेला चौदावा जेवढा झालाय तेवढा वाचला. त्यानं पाईप हातात घेतला, तिनं तांब्याची घागर पुढं केली.

"घागर?" आत्या म्हणाली. "कुठली गं घागर? तवा मी तुझ्याकडंच नव्हते का महिनाभर. घागर घेऊन कोण आलतं टँकरवर? समद्यांचे क्यान व्हते. तेलाचे."

मी गप्प बसले. खरंच की. ते पंधरा लिटरचे पिवळे तेलाचे कॅन, रांगच्या रांग. त्या मुलानं वाकून उचललेलं भांडंही कॅनच होतं, झाकणाला लाल दोरी बांधलेली. मी डोळ्यांनी बघितलेलं आणि लिहिताना घागर केलं, गाथेत शोभेल म्हणून.

"आन् त्येचं तोंड एवढुसं," आत्यानं अंगठा आणि बोट जोडून दाखवलं. "पाईप मोठा सोडला की निम्मं पाणी भाईर. त्यो डायवर वरडायचा, हळू सोड, हळू सोड, सांडू नको म्हणून."

मी मोबाईल खाली ठेवला आणि आत्याच्या पिशवीतून पेन शोधायला लागले. बिलबुक नव्हतं जवळ, तिच्या चष्म्याच्या डॉक्टरच्या चिठ्ठीच्या पाठीमागं लिहिलं, कॅन, अरुंद तोंड, मागून सगळी रांगच ओरडतीये हळू सोड हळू सोड, एक थेंब सांडू देऊ नको.

आत्या म्हणाली, "मग? पुढं वाच की."

पुढं नव्हतंच अजून. म्हणलं, ऱ्हायलेलं उद्या.